2017 ची वॅगनआर, सांगली पासिंग, 58 हजार किमी, 3.60 लाख मागतोय. घेऊ का?

कराडकर_बारक्या

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा आणि धाकटा भाऊ कराडजवळ गावी. बाबांच्या गुडघ्यांनी मागच्या वर्षी हात टेकले, तेव्हापासून मोटरसायकल बंद आहे आणि दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दर वेळी शेजारच्यांची गाडी मागायची, ते नाही म्हणत नाहीत पण आपल्यालाच कसंतरी होतं. म्हणून एक जुनी गाडी घेऊन गावी ठेवायची, भाऊ चालवेल असं ठरलंय. बजेट सगळं मिळून चार, त्याच्यावर एक रुपया नाही.

साताऱ्याजवळ हायवेला एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडं वॅगनआर बघितली. व्हीएक्सआय, पेट्रोल, 2017, एअरबॅगवालं ऑप्शन मॉडेल, एमएच 10, सेकंड ओनर, मीटरवर 58 हजार. 3.60 म्हणतोय, शेवट 3.45 ला येईल असं वाटतं. गाडी एकदम चकाचक, टायर नवे, सीटकव्हर नवी, आत बसलं की परफ्यूमचा मस्त वास. चुलतभावाचं म्हणणं वॅगनआर कसली घेतोस डबा, तेवढ्याच पैशात 2014-15 ची स्विफ्ट डिझेल येते. रोज कराडला जाऊन येऊन 24 किमी आणि महिन्यातनं एकदा पुणे, म्हणजे 800 च्या आसपास रनिंग. मला गाडीतलं शून्य कळतं, काय बघायचं ते पण सांगा.

हायवेचा_हिशोब

आधी चुलतभावाचं मिटवू. महिना 800 किमी, वॅगनआरला लिटरमागं 16 धर, 50 लिटर पेट्रोल, 104 ने 5200. स्विफ्ट डिझेलला 20 धर, 40 लिटर, 90 ने 3600. महिन्याला 1600 वाचले, वर्षाला 19 हजार, कागदावर भाऊ जिंकला. पण ती गाडी आता दहा-अकरा वर्षांची, त्यातलं ते 1248 सीसीचं फियाटचं इंजिन तसं दणकट, मारुतीने एप्रिल 2020 ला बीएस6 हे धुराचे कडक नियम आल्यावर डिझेलच बंद केलं तो भाग वेगळा, पण या वयाला इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यातला एक शब्द जरी गॅरेजवाल्याच्या तोंडून निघाला तरी वर्ष-दोन वर्षांची बचत एका बिलात जाते. चांगली सापडली तर वाईट नाही, पण ज्याला गाडीतलं शून्य कळतं त्याने या वयाचं डिझेल शोधत फिरू नये.

10 वर्षांनी डिझेल भंगारात जातं असं कोणीतरी सांगेलच, ती भानगड दिल्ली-एनसीआरची. आपल्याकडे खाजगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, 15 वर्षं चालते, पुढं फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची.

आता भाव. 3.60 जास्त आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 टक्के अधिक सेस होता तो 18 वर आला, नवी वॅगनआर एक्स-शोरूम पाच लाखांच्या आसपास सुरू होते, वर 11 टक्के रोड टॅक्स आणि विमा, म्हणजे नवी कोरी सहाच्या आत-बाहेर. मग आठ वर्षं जुनीला साडेतीन कशाचे? डीलर लोक अजून जुन्याच भावात झोपलेत, त्यांना जागं कर.

सीएनजीचं कोणी सुचवेल म्हणून आत्ताच सांगतो, बाबांसाठी घेतोयस, डिकीत सिलिंडर बसला की तांदळाचं पोतं आणि बाबांची काठी-वॉकर मांडीवर घेऊन बसायचं. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी.

ग्रीसचे_हात

कोल्हापूरकडं गॅरेज हाय माझं, 26 वर्षं झाली. वरच्या भाऊंचा हिशोब बरोबर. आता मी सांगतो ते नीट वाच.

मीटर बघू नकोस, मीटर मागं घेणं म्हणजे आता चहा पिऊन होईपर्यंतचं काम. पॅडलचं रबर बघ. 58 हजाराला क्लचचं रबर कडेला जरा घासलेलं असतं. पार गुळगुळीत असलं तर गाडी लाखभर फिरलीय, आणि एकदम कोरं असलं तर कोणीतरी मुद्दाम बदललंय, दोन्ही सारखंच. सर्व्हिस हिस्ट्रीचा कागद काढून दे म्हण, कंपनीच्या सेंटरला गेलेली गाडी असली तर तारीखवार किमी निघतात, एकदा जरी मीटरपेक्षा मोठा आकडा दिसला की तिथनं उठायचं. टायर नवे आहेत म्हणून हुरळू नको, टायरवर चार आकडे असतात, 3419 म्हणजे 2019 चा 34 वा आठवडा. काळं पॉलिश मारून जुना टायर नवा दिसतो.

सगळ्या काचांच्या कोपऱ्यात वर्षाचा कोड असतो, तो गाडीच्या वर्षाशी जुळायला पायजे, पुढची काच दगड लागून बदलली असंल तर ठीक, पण दाराची पण बदललीय म्हटल्यावर कुठंतरी धडकलीय. बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघ, कंपनीत ते रंगासकट असतात, पाना लागला की कोपरे उघडे पडतात. फ्रिजवरचं साधं मॅग्नेट फडक्यात धरून पत्र्यावर फिरव, जिथं लांबी (पुट्टी) भरलीय तिथं धरणार नाही.

फोन करून जाऊ नकोस. फोन केलास की तो अर्धा तास आधी गाडी सुरू करून ठेवतो. सकाळी अचानक जा, बॉनेटला हात लाव, गार लागलं पायजे, मग सुरू कर. तीन सिलिंडरचं इंजिन हाय, जरा थरथरतं, त्याला घाबरायचं नाही. मागनं निळा धूर आला तर ऑइल जळतंय. वीस-तीस मिनिटं चालव, खड्ड्यातनं ने, एसी लाव, आणि टेंपरेचर बघ.

आणि मेन गोष्ट शेवटी. एमएच 10. 2019 च्या ऑगस्टात आमच्याकडं आणि सांगलीत जे पाणी आलं ते मी डोळ्यानं बघितलंय, महिनाभर गॅरेजबाहेर बुडालेल्या गाड्यांची रांग होती. तुझी गाडी 2017 ची, म्हणजे तेव्हा दोन वर्षांची होती. ती कुठं उभी होती हे शोध. एमएच 10 म्हणजे सगळ्या बुडाल्या असं नाही, जतच्या गाडीला पूर कुठला, तिकडं प्यायला पाणी टँकरनं येतं. आरसीवरचा पत्ता बघ. आणि सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघ, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, तिथवर कुणी धुवत नाही.

वाशिष्ठीकाठची

सीटबेल्टचं दादा बरोबर बोलले. मी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला आमची गाडी पार्किंगमध्ये छतापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर आतून आधी पाणी नाही, गाळ आला. तो गाळ वेगळाच असतो, ओला असताना लोण्यासारखा आणि वाळला की मैद्यासारखा, एसीच्या जाळीत, स्टिअरिंगच्या फटीत, हेडलाइटच्या आत, कुठे नाही असं नाही. विमावाल्यांनी टोटल लॉस धरून पैसे दिले आणि गाडी लिलावात कोणीतरी उचलून नेली. आम्ही दाखवतील तिथे सह्या केल्या, आरसी देऊन टाकली, डोक्यातून गाडी गेली.

सव्वा वर्षाने सासऱ्यांच्या मोबाईलवर ई-चलान. विदर्भातल्या एका शहरात सिग्नल तोडला म्हणून. फोटो उघडला तर आमचीच गाडी, आमचाच नंबर, काय चकाकत होती सांगू. सासरे चष्मा पुसून परत परत बघत होते, म्हणाले अगं ही तर मेली होती! ट्रान्स्फर कोणी केलीच नव्हती, ते निस्तरायला पुढे आठ महिने गेले. ज्याने ती घेतली असेल त्याला पण बिचाऱ्याला कोणी सांगितलं नसणार की तो कशात बसलाय.

बारक्या, तुम्ही परफ्यूमचा वास मस्त म्हणालात तिथेच मला खटकलं. परफ्यूम काढून ठेवायला सांगा, काचा पूर्ण बंद करून गाडी तासभर उन्हात उभी करा आणि मग दार उघडून पहिला श्वास घ्या. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर परत आत बसू पण नका. वरची मॅट नाही, खालचं कारपेट कडेने उचला. सीट पुढे-मागे सरकते त्या पट्ट्यांवर गंज आहे का बघा, आणि डिकीत स्टेपनीच्या खाली हात घाला.

कराडकर_बारक्या

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. आज सकाळी न सांगता गेलो. इंजिन गार होतं, लगेच सुरू झाली, धूर नाही, चालवली तर छान वाटली. काचा सगळ्या 2017 च्या. बोल्टचा रंग शाबूत. म्हटलं चला जमलं.

मग बेल्ट ओढले. पुढचे दोन्ही स्वच्छ. पण इतके स्वच्छ की मलाच शंका आली, खाली जिथे बेल्ट बोल्टने बसवलाय तिथे एक शिवलेलं लेबल होतं, त्यावर दोन्हीकडे 2019 ची तारीख. डीलरला विचारलं तर म्हणाला आधीच्या मालकाच्या पोराने बेल्ट कुरतडले म्हणून बदलले. मागचे बघायच्या आधी दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्याने चावी मागून घेतली. आरसीवर पत्ता सांगली शहरातला आहे आणि बँकेचा बोजा अजून दिसतोय, तो म्हणतो कर्ज फिटलंय, फक्त कागद यायचाय.

ग्रीसचे_हात

पोरानं कुरतडले म्हणे, दोन्हीकडचे! पोरगं होतं का उंदीर?

हे बघ, एअरबॅगवाल्या मॉडेलला पुढच्या बेल्टात फटाक्यासारखा एक छोटा बार असतो, धडक झाली की तो बेल्ट खेचून धरतो. एकदा उडाला की बेल्ट अख्खा बदलावा लागतो. म्हणजे पुढचे दोन्ही नवे असतील तर एकतर एअरबॅग उघडण्याइतकी जोरात धडकली, नाहीतर पाण्यानं यंत्र जाम झालं. तुझे बोल्ट आणि काचा जाग्यावर आहेत म्हणजे धडकेचं मला पटत नाही.

परत जा आणि दोन गोष्टी कर. चावी फिरव, इंजिन सुरू करू नको, मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पायजे. लागून राहिला तर बिघाड. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कुणीतरी दिवाच बंद केलाय. दुसरं, मागचे बेल्ट. मागचे कुणी बदलत नाही, तिथं खरं सापडतं.

सह्यांचा_धनी

गाडीचं यांनी सांगितलं, कागदाचं माझ्याकडून घे, आरटीओच्या दारात आयुष्य गेलं. ही नाही तर दुसरी घेशील तेव्हा कामाला येईल.

बोजा. "कर्ज फिटलंय, कागद यायचाय" या वाक्यावर लोकांनी गाड्या घेऊन वर्षं काढलीत. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनच्या वर पैसे द्यायचे नाहीत, आणि टोकन पण पावतीवर. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून ओनर नंबर, विमा, पीयूसी, बोजा बघून घे, ई-चलानं वेगळी बघ, एकेका गाडीवर आठ-दहा हजाराची चलानं निघतात आणि ती गाडीबरोबर येतात. आरसीवरचा चेसिस नंबर पत्र्यावर कोरलेल्याशी स्वतः जुळव, तसाही ट्रान्स्फरच्या फॉर्मवर त्याचा पेन्सिलीने घासून ठसा घ्यावा लागतो.

ट्रान्स्फरच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचीच लागते, डीलरची नाही. डीलरकडे मालकाने सह्या केलेले कोरे फॉर्म पडलेले असतात आणि गाडी तीन हातांतून फिरली तरी नाव पहिल्याचंच, वरच्या ताईंचं तेच झालं. 1 एप्रिल 2023 पासून नियम असा आहे की जुन्या गाड्यांचा डीलर स्वतः आरटीओकडे अधिकृत झालेला पाहिजे आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की ते पोर्टलवर कळवायचं. तेवढंच विचारून बघ, चेहरा बघण्यासारखा होतो.

विकणाऱ्यांनी पण झोपू नये. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय, अपघात झाला तर ज्याच्या नावावर नोंद तो मालक, गाडी तोंडी कितीही जणांना विकलेली असू दे.

आणि विमा. नाव बदलल्यावर 14 दिवसांत विमा पण आपल्या नावावर करून घ्यायचा. थर्ड पार्टी गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मागायला गेलास आणि पॉलिसीवर दुसऱ्याचं नाव असलं तर हात हलवत परत. विकणारा म्हणेल 50 टक्के एनसीबी (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) आहे पॉलिसीवर, तो त्याचा, तुला मिळत नाही, म्हणून हप्त्याचा हिशोब त्याशिवाय धर. 2019 च्या एप्रिलच्या आधीची गाडी, तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसलीय का ते पण बघ, चारचाकीला 745 अधिक जीएसटी आहे, फार नाही पण त्याच्याकडूनच करून घे.

कराडकर_बारक्या

शनिवारी भावाला घेऊन गेलो. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. तीनदा चावी फिरवली. डीलर म्हणाला या मॉडेलला नसतोच तो.

मग मागचा डावीकडचा बेल्ट भावाने ओढला, ओढला, पार रिकामा होईपर्यंत ओढला, आणि शेवटी वीतभर पट्टा निघाला तो दोन रंगांचा होता. वरचा काळा आणि खालचा चहा सांडल्यासारखा, मधे सरळ रेघ. भावाने स्टेपनी उचलली, खाली बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखी माती. ताई, तुमचा मैदा आठवला हो. डीलरला बोट दाखवलं तर म्हणाला अहो गावाकडची गाडी, धूळ असणारच. आम्ही काही न बोलता निघालो, भाऊ बाहेर येऊन इतका हसला की बास.

आता ऑफिसातल्या एकाच्या मामांची 2016 ची वॅगनआर बघतोय, फलटणला. एकच मालक, 71 हजार, सगळी सर्व्हिस कंपनीत, बिलांची फाइल पिशवीत बांधून ठेवलीय. दिसायला मात्र बेकार, बंपर घासलेला, एका दाराला पोचा, सीटवर टॉवेल. क्लच जड लागला आणि खड्ड्यात पुढनं डाव्या बाजूला कटकट वाजतं. 3.05 म्हणतायत.

ग्रीसचे_हात

ही घे. कटकट म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधलं लोअर आर्मचं बुश नाहीतर लिंक रॉड, भीतीचं काम नाही. क्लच 71 हजाराला येतोच, दोन्ही मिळून जो काय खर्च गॅरेजवाला सांगंल तेवढे भावातनं कमी करून माग. पोचा तसाच राहू दे, गावात गाडी न्यायची म्हटल्यावर दुसरा पडणारच हाय.

घेतल्या घेतल्या आधीच्या मालकावर विश्वास न ठेवता सगळी तेलं बदल. इंजिन ऑइल-फिल्टर, कूलंट, आणि ब्रेक ऑइल जे कुणीच बदलत नाही, ते दोन वर्षांनी पाणी धरतं. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, प्लग. पुढं 10 हजार किंवा एक वर्ष, तुझ्या रनिंगला दोन्ही बरोबरच येतंय. गाडी उभी राहिली तर नुसती अंगणात सुरू करून बंद करू नका, त्यानं बॅटरी अजून उतरते, आठवड्याला दहा-पंधरा किमी न्यायची. आणि गावात गाडी म्हणजे उंदीर आलाच, वायरिंग खाल्लं की पाच-दहा हजार सहज जातात. गोठ्याजवळ, कडब्याजवळ लावू नका, रात्री बॉनेट उघडं ठेवलं तरी फरक पडतो, नाहीतर तंबाखूची पानं फडक्यात बांधून बॅटरीजवळ टांगा.

कराडकर_बारक्या

2.85 ला ठरली. फॉर्मवर मामांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या, बोजा नव्हताच. क्लच आणि बुशचं काम सोमवारी.

त्या पहिल्या डीलरचा काल फोन आलेला, 2.90 ला देतो म्हणतो. बाबांनी फोन स्पीकरवर ऐकला आणि आता घरात विषय सुरू झालाय की पाच हजारात ती एवढी चकचकीत गाडी सोडली म्हणून.

वाशिष्ठीकाठची

बाबांना मागच्या सीटवर बसवून तो बेल्ट ओढायला सांगा.

बाकी दादा, ती तंबाखू खरंच चालते का? आमच्याकडचे उंदीर खातात.